पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रम शाळेचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि विनोद कांबळी-सचिन तेंडुलकर ही जोडी जमली. पुढचा नंबर ज्याचा होता, त्या तेरा वर्षांच्या मुलाने पॅड बांधले आणि तो बसून राहिला. दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पॅड बांधले. दोन बाद ७४८ वर डाव घोषित झाला तेव्हा कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६ आणि भागीदारी ६६४ धावांची होती. त्या मुलाने पॅड सोडले आणि तो क्षेत्ररक्षणाला गेला. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

६६४ हा आकडा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना आजही पाठ असतो. पण खेळाने माणूस घडतो की नाही, हा प्रश्न खरोखर तपासायचा असेल तर नाबाद राहिलेल्या दोघांकडे बघून भागत नाही. त्या दोन दिवसांत एकही चेंडू न खेळलेल्या तिसऱ्याकडे बघावं लागतं.

शाळेच्या क्रीडा महोत्सवात प्रमुख पाहुणे एक वाक्य हमखास म्हणतात: खेळामुळे चारित्र्य घडतं. वाक्य इतकं सवयीचं झालंय की ते कुणी तपासत नाही. १९७१ साली ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ते तपासलं. सुमारे १५ हजार खेळाडूंचा अभ्यास करून त्यांनी एक लेख लिहिला. चारित्र्य घडवायचं असेल तर दुसरं काहीतरी करून बघा, असं त्याच्या मथळ्यातच म्हटलं होतं. स्पर्धेत उतरल्याने माणूस अधिक प्रामाणिक किंवा अधिक धीराचा होतो याचा पुरावा त्यांना सापडला नव्हता. त्यांच्या मते, ज्यांच्यात आधीपासून काही कस असतो ते चाळणीतून टिकतात, बाकीचे गळतात आणि टिकलेल्यांकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, खेळाने याला घडवलं.

खेळावर प्रेम असणाऱ्याला हे बोचतं. पण त्यात तथ्य आहे. मैदान स्वतःहून काहीच शिकवत नाही. त्याच मैदानावर एक मुलगा संयम शिकतो आणि दुसरा पंचाची नजर चुकवायला शिकतो. फरक पडतो तो मैदानावर उभ्या असलेल्या त्या एका माणसामुळे, आणि त्याची नजर कशावर असते त्यामुळे.

शिवाजी पार्कवरच्या रमाकांत आचरेकर सरांची नजर कशावर होती, हे त्यांच्या एका रुपयाच्या नाण्यातून कळतं. सर स्वतः मोठे खेळाडू नव्हते. स्टेट बँकेत नोकरी आणि बँकेच्याच संघाकडून मोईन-उद-दौला करंडकातला एक प्रथम श्रेणी सामना, एवढीच त्यांची नोंद. पण कामत मेमोरियल क्लबच्या त्यांच्या नेट्समधून तेंडुलकर, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, अजित आगरकर, रमेश पोवार असे कितीतरी निघाले. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री.

नाण्याची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते, पण ती बहुधा बक्षिसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती दिवसाच्या कुठल्या वेळी घडायची, हे त्यात महत्त्वाचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सचिन सकाळी नेटमध्ये, मग सामना, मग संध्याकाळी पुन्हा नेटमध्ये असायचा. पहिल्याच सुट्टीत त्याने ६० दिवसांत ५५ सराव सामने खेळले. मनगटं भरून आलेली, पायांत गोळे आलेले, डोळ्यांसमोर संधिप्रकाश, अशा शेवटच्या पंधरा मिनिटांत सर मधल्या स्टंपवर रुपया ठेवत. क्लबमधली सगळी पोरं भोवती क्षेत्ररक्षणाला उभी राहत. जो त्याला बाद करेल, रुपया त्याचा. कुणीच करू शकला नाही तर सचिनचा. त्यानंतर पॅड-ग्लोव्ह्जसकट शिवाजी पार्कला दोन फेऱ्या. असे तेरा रुपये सचिनने मिळवले आणि जपून ठेवले.

त्या पंधरा मिनिटांत धावा कुणी मोजत नव्हतं. चौकार किती मारले, फटका किती देखणा होता, याला रुपया नव्हता. रुपया होता तो फक्त दमलेला असताना विकेट न फेकण्याला. मुलांना आपण काय उपदेश करतो ते ती विसरतात. आपण काय मोजतो ते मात्र ती बरोबर ओळखतात. ज्या घरात फक्त टक्के विचारले जातात, तिथलं मूल टक्के शिकतं, विषय नव्हे. ज्या नेटमध्ये फक्त उत्तुंग षटकाराला टाळ्या पडतात, तिथलं पोरगं पन्नासाव्या षटकापर्यंत उभं राहायला शिकत नाही. मुंबईच्या ज्या क्रिकेटला लोक कौतुकाने ‘खडूस’ म्हणतात, त्याचा उगम स्वभावात नाही. असल्या रुपयांत आहे.

आझाद मैदानावरच्या त्या भागीदारीतही एक प्रसंग असाच आहे. डाव घोषित करा, असा इशारा सहायक प्रशिक्षक बाहेरून करत होते आणि दोघं पोरं मुद्दाम त्या दिशेला बघत नव्हती. शेवटी आचरेकर सरांशी फोनवर बोलणं झालं. कांबळी ३५० पासून एका धावेवर होता. सरांनी सांगितलं, डाव घोषित करा. सोळा वर्षांच्या मुलाला हे किती लागलं असेल! पण सामना जिंकायला झेवियर्सचे दहा गडी बाद करायला हवे होते, आणि तो हिशेब सरांच्या लेखी ३५० पेक्षा मोठा होता. मग त्याच कांबळीने चेंडू हातात घेतला आणि ३७ धावांत ६ बळी घेतले.

प्रशिक्षक दिवसभर नेमकं करतो काय, हे मोजण्याचा एक सुंदर प्रयत्न अमेरिकेत झाला होता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन संशोधक त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले आणि वुडन तोंडातून काय काढतात ते टिपत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. शाबासकी होती ६.९ टक्के. नापसंती ६.६ टक्के. आणि जवळजवळ तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या: पाय इथे ठेव, पास आत्ता दे, हात वर, पुन्हा कर. ना भाषण, ना आरडाओरड. हंगामाच्या पहिल्या दिवशी हेच वुडन आपल्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो आणि फोड आला तर खेळाडू बसून राहतो.

हे आकडे समोर ठेवले की तेंडुलकरच्या निरोपाच्या भाषणातला तो भाग वेगळा ऐकू येतो. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. तो म्हणाला की २९ वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. पोरगं हवेत जाईल अशी त्यांना भीती वाटायची. आता सामनेच उरले नाहीत, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, असंही तो म्हणाला. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. मात्र कौतुक न करणं म्हणजेच उत्तम प्रशिक्षण, असा अर्थ पुष्कळांनी काढला. तो चुकीचा आहे. शाबासकी न देणारे सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत होते, एका दिवसात दोन-दोन सामने खेळवत होते, झाडाआड उभे राहून त्याचा खेळ बघत होते. ‘शाब्बास’ हा शब्द नव्हता, पण लक्ष होतं. मुलाला लक्ष कळतं. लक्ष न देता नुसतं तुसडेपणाने वागणाऱ्याला आचरेकर सरांचं नाव घेण्याचा अधिकार नाही.

हेच सरांच्या एका थपडेबद्दल. सरांनी सचिनसाठी एक सामना ठरवला होता. तो सोडून सचिन शाळेच्या दुसऱ्या संघाला टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सरांना ते कळलं. थप्पड इतकी जोरात बसली की हातातला डबा उडाला आणि त्यातलं सगळं सांडलं. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, अशा अर्थाचं सर बोलले. तेंडुलकर स्वतः ही गोष्ट कृतज्ञतेने सांगतो आणि त्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण गेल्या तीस वर्षांत ही गोष्ट किती तालमींत, किती अकादम्यांत, किती घरांत मारण्याचा परवाना म्हणून वापरली गेली असेल? थप्पड खाऊन तेंडुलकर झालेला एक दिसतो. थप्पड खाऊन बॅट कायमची कोपऱ्यात ठेवलेले दिसत नाहीत. त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही.

त्या न दिसणाऱ्यांचा माग काढणारा एक अभ्यास आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना आधी शिकवलं: चूक झाली तर अपमान करू नका, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा, नुसत्या निकालाची नाही, प्रयत्नाची दखल घ्या. बाकीचे प्रशिक्षक आपापल्या पद्धतीने चालले. दोन्हीकडच्या संघांच्या जय-पराजयात फरक पडला नाही. पण पुढच्या हंगामात शिकलेल्या प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली, आणि इतरांकडची २६ टक्के. चारातलं एक मूल! कडक प्रशिक्षक आणि क्रूर प्रशिक्षक यांतला भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी हा आकडा नेटच्या खांबाला चिकटवून ठेवावा. कडक माणूस अपेक्षा उंच ठेवतो आणि तिथवर पोचायची वाट दाखवतो. क्रूर माणूस वाट दाखवत नाही.

आता तेंडुलकर-कांबळी या जोडीकडे येऊ. एकच गुरू, एकच नेट, एकच शाळा. एक दोनशे कसोटी खेळला. दुसरा सतरा, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं, आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. यावरून महाराष्ट्रात एक तयार कीर्तन ऐकायला मिळतं: एकाकडे शिस्त होती, दुसऱ्याकडे नव्हती, बस. ही मांडणी आळशी आहे आणि निष्ठुरही. तेंडुलकरला अजितसारखा भाऊ होता, जो स्वतःचा खेळ बाजूला ठेवून धाकट्याचा खेळ वाहत होता. शिवाजी पार्कजवळ काका-काकूंचं घर होतं, जिथे तो चार वर्षं राहिला, म्हणजे प्रवासाचा वेळ वाचला आणि दोन सामन्यांमधे गरम जेवण मिळालं. कांबळी कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किटबॅग सांभाळत यायचा. या दोघांत स्वभावाचा फरक असेलही. पण यशाच्या मुळाशी फक्त चारित्र्य असतं असं म्हणणारा माणूस त्या काकूंची पोळी-भाजी हिशेबातून वगळतो. आणि ज्याला यश मिळालं नाही त्याच्या चारित्र्यावर आपोआप डाग लावून मोकळा होतो.

खेळाच्या शिकवणुकीबद्दल बोलताना आपली सर्वांत मोठी चूक इथेच होते. चांगले गुण पेरा, यश उगवेल, असा सौदा आपण मुलांसमोर मांडतो. अमोल मुझुमदारचं आयुष्य हा सौदा साफ खोटा ठरवतं. १९९४ साली मुंबईकडून रणजी पदार्पणात त्याने फरिदाबादला हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातली ती तेव्हा जगातली सर्वोच्च खेळी होती. नंतरच्या वीस वर्षांत १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताची टोपी एकदाही नाही. ज्या काळात तो खेळला त्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. काही कमी पडलं का? धावा नाहीत, तंत्र नाही, चिकाटी तर नाहीच नाही. जागा कमी पडली. आझाद मैदानावर जे झालं तेच पुन्हा झालं, फक्त या वेळी दोन दिवसांऐवजी दोन दशकं.

मग त्या तालमीचं त्याला मिळालं काय? २००६-०७ चा रणजी हंगाम. मुझुमदार मुंबईचा कर्णधार. पहिले तीन सामने मुंबई हरली. मुंबई, जिच्या कपाटात तेव्हा छत्तीस करंडक होते! तिथून संघ उठला आणि उपांत्य फेरीत पोचला. बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि पाच गडी बाद, अशी अवस्था झाली. तोही सामना मुंबईने काढला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून सदतिसावा करंडक घेतला. वाट बघण्याची सवय असलेला माणूस नेतृत्व करताना घाबरत नाही, कारण परिस्थिती आपल्या मनासारखी नसणं हे त्याच्यासाठी नवं नसतं.

आचरेकर सरांच्या शिष्यांतले किती जण पुढे प्रशिक्षक झाले, हेही लक्षात घेण्यासारखं आहे: संधू, राजपूत, आमरे, पोवार, पारस म्हांब्रे. आणि चंद्रकांत पंडित. १९९९ साली बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीचा अंतिम सामना पंडितच्या मध्य प्रदेश संघाने हातचा घालवला होता. २०२२ साली त्याच मैदानावर, त्याच राज्याचा प्रशिक्षक म्हणून, त्याने मुंबईला हरवून मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून दिला आणि तो मैदानातच रडला. तेवीस वर्षं एका पराभवाचं ओझं उराशी बाळगणं चांगलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण त्या ओझ्याचं त्याने काय केलं यावर वाद नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. दोन वर्षांनी मायदेशात विश्वचषक. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून हार, तिथेच ऑस्ट्रेलियाकडून हार, इंदूरला इंग्लंडकडून चार धावांनी हार. पुन्हा लागोपाठ तीन. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघातून वगळलं होतं. वांद्र्याची ही मुलगी संघाबाहेर बसली तेव्हा तिला ते किती लागलं, हे तिने नंतर लपवलं नाही. स्पर्धेच्या काळात आपल्या मनाची प्रचंड घालमेल होत होती, आपण रडत होतो, मैत्रिणी शेजारी येऊन नुसत्या बसत होत्या, असं तिने उपांत्य सामन्यानंतर सगळ्यांसमोर सांगितलं. जुन्या मुंबई स्कूलमध्ये हे कुणी बोललं नसतं. ‘खडूस’पणाच्या जुन्या व्याख्येत अश्रूंना जागा नव्हती. नवी व्याख्या जास्त मोठी आहे, आणि ती जुन्याच नेटमधून आलेल्या माणसाच्या ड्रेसिंग रूममध्ये रुजली, याचा आनंद वाटायला हवा.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने तो विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षकाच्या पाया पडायला वाकली आणि त्याने तिला उचलून मिठीत घेतलं, ते दृश्य घराघरात पाहिलं गेलं. पण त्या संघाची परीक्षा झाली होती तीन दिवस आधी, त्याच मैदानावर. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग तोवर कुणीही यशस्वीपणे केला नव्हता. मधल्या वेळेत मुझुमदारने भाषण केलं नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. वुडनच्या सरावातल्या त्या तीन चतुर्थांश नोंदींसारखं, निव्वळ माहिती.

जेमिमा पाचव्या क्रमांकावर खेळणार असं ठरलं होतं. ती आंघोळ करत होती. डाव सुरू होण्याआधी जेमतेम पाच मिनिटं तिला सांगितलं गेलं की तिसऱ्या क्रमांकावर जायचंय. कुणाला दोन दिवस पॅड बांधून बसावं लागतं, कुणाला ते बांधायलाही वेळ मिळत नाही. दुसऱ्याच षटकात पहिली विकेट गेली आणि ती मैदानात उतरली. अर्धशतक झालं, तिने बॅट उंचावली नाही. शतक झालं, तेव्हाही नाही. हरमनप्रीत ८९ वर बाद होऊन परतली, दीप्ती गेली, रिचा गेली. एकोणपन्नासाव्या षटकात अमनज्योत कौरने विजयी चौकार मारला, तेव्हा समोरच्या टोकाला जेमिमा १२७ वर नाबाद उभी होती, जर्सीवर नेरुळची माती घेऊन.